गिरणीची स्मृती आणि श्रमाची भाषा

बंद पडलेल्या गिरणीची स्मृती जतन करणे म्हणजे नेमके काय जतन करणे, हा प्रश्न वास्तुसंवर्धनाइतकाच साहित्यविचाराचाही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींना गिरण्यांहून अधिक मोल आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. धुराडे मात्र राखले गेले. येथे चिन्हक टिकते, चिन्हित हरवते. धूर नसलेले धुराडे श्रमाची आठवण न देता परिसराची शोभा वाढवते.

साहित्याने या स्मृतीचे स्थान अन्यत्र शोधले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात गिरणी दिसत नाही; दिसते ती चाळीतील खोली. संपाचा परिणाम आई आणि मुले यांच्या परस्परसंबंधांतून उलगडतो. गिरणीची ही अनुपस्थिती हेच नाटकाचे रचनातत्त्व होय. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये ग्रंथरूपात सिद्ध केलेल्या मौखिक इतिहासाने कामगारांच्या आवाजांना दस्तऐवजाचे मूल्य दिले. मात्र पराभवानंतर बोलणारा निवेदक आपला भूतकाळ त्या पराभवाच्या प्रकाशातच रचतो. ही त्या कथनाची उणीव नव्हे, तो त्याचा रूपबंध आहे; वाचकाने तो ओळखला पाहिजे.

तरीही एक रिक्त जागा उरते. संपाची शोकात्मता मराठी साहित्याने जेवढी आत्मसात केली, तेवढे साचेखात्यातील वा त्रासनखात्यातील कौशल्य केले नाही. ‘बदली’ हा एकच शब्द पाहावा. गैरहजर कामगाराची जागा मिळेल या आशेने दारावर रोज ताटकळणारा माणूस, त्याची जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असलेली रोजी आणि दुसऱ्याच्या आजारपणातून मिळणारे आपले काम, एवढा संबंधपट त्या शब्दात सामावला आहे. असे शब्द वापरातून गेले की त्यांच्यासोबत एक ज्ञानव्यवस्थाही जाते.

कामगाराला केवळ पराभूत म्हणून स्मरणे हा सहानुभूतीने केलेला दुसरा अन्याय ठरतो. तो कापड विणत होता, तुटलेला धागा चालत्या यंत्रावर सांधत होता, हे विसरून लिहिलेली शोकगाथा अखेरीस त्या शोभेच्या धुराड्याचेच काम करते.