दुसऱ्या वर्गाचा देवदूत

पोस्टाच्या तिकिटाचं परीक्षण कुणी लिहीत नाही. नाटकाचं लिहितात, पुस्तकाचं लिहितात, लग्नातल्या जिलबीचंसुद्धा हात धुताधुता तोंडी परीक्षण होतं. तिकिटाच्या नशिबी मात्र पाठीला गोंद आणि तोंडावर शिक्का! ही उणीव भरून काढायला मी माझ्या वहीतली ब्रिटिश टपालखात्याची नाताळची तिकिटं निवडली आहेत. विषय एकच : चर्चच्या खिडक्यांतल्या रंगीत काचा. १९७१ साली कँटरबरी कॅथीड्रलमधल्या, सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या काचा तीन तिकिटांवर आल्या. १९९२ आणि २००९ साली इतर गावांच्या चर्चमधल्या.

पहिला आक्षेप कलेचा. रंगीत काचेत पाहायचा असतो तो तिच्यातून येणारा उजेड. मागून ऊन आलं की निळा आणि लाल रंग पेटतो. तिकिटामागे ऊन कुठलं? लिफाफा असतो, आणि लिफाफ्यात अंधार. शिवाय काचा जोडणाऱ्या शिशाच्या काळ्या पट्ट्या उंच खिडकीत डोळ्यांना खुपत नाहीत. अंगठ्याएवढ्या तिकिटावर मात्र आतली साधुमंडळी गजांआड बसवल्यासारखी दिसतात.

दुसरा आक्षेप कारभाराचा. ब्रिटनमध्ये १९६८ पासून पत्रांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचं लवकर जातं, दुसऱ्याचं सावकाश. आता १९७१ ची वाटणी बघा. साडेसात पेन्सांवर तीन ज्ञानी पुरुषांची घोडदौड. ठीक आहे, लांबचा प्रवास, भाडं जास्त. पहिल्या वर्गाच्या तीन पेन्सांवर त्यांनी बाळ येशूला केलेलं वंदन. आणि अडीच पेन्सांवर त्यांचं स्वप्न! हेरोद राजाकडे परत जाऊ नका, ही त्या स्वप्नातली सूचना. तान्ह्या बाळाच्या जिवाचा प्रश्न. असा निरोप शहाणा माणूस तारेनं पाठवील. तो इथं सेकंड क्लासनं!

बरं, एकदा झालं म्हणावं, तर १९९२ साली अठरा पेन्सांच्या, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच वर्गाच्या तिकिटावर पँगबोर्नच्या चर्चमधला गब्रीएल. निरोप पोचवणं हाच ज्याचा पेशा, तो सावकाशीच्या टपालात! २००९ साली स्टेव्हलीच्या चर्चमधला वाद्य वाजवणारा देवदूत. वर्ग? दुसरा. दोन्ही वेळा पहिला वर्ग मिळाला तो मरियेला आणि बाळाला. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांना पंख आहेत त्यांनीच रेंगाळायचं?

आता टपालखात्याच्या बाजूनं एक मुद्दा. नाताळची शुभेच्छापत्रं ढिगानं जातात, आणि ढिगानं पाठवणारा माणूस स्वस्तातलंच तिकीट घेतो. कँटरबरीच्या काचा घडल्या तेव्हा फार थोड्यांना वाचता येई. म्हणून गोष्ट उजेडात लिहून भिंतीत बसवली. पण खिडकी जागची हलत नाही, माणसानंच तिच्यापर्यंत जायचं. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला सोबत नाही, त्यानं काय करावं? त्याच्या दारात हा स्वस्तातला देवदूत जातो. उजेड सांडून जातो, पण जातो. मूळ कथेतही देवदूतानं जन्माची बातमी राजवाड्यात कळवली नाही. रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना कळवली.

तेव्हा रंगांना दहापैकी पाच गुण. वर्गवारीला, जन्मभर सेकंड क्लासनं प्रवास केलेला माणूस म्हणून, दहापैकी नऊ. एक कापला, तो हेरोदाच्या निरोपासाठी.