काम कोणाचे, ऊर्जा कोणाची?

चिपळुणात माळ्याला मोठा मान आहे. २००५ आणि २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचे पाणी घरादारांत शिरले आणि जपण्याजोगी वस्तू वर चढवण्याची सवय बाजारपेठेकडच्या पुष्कळ घरांना लागली. अशाच एका ओळखीच्या घरचा माळा आवरताना आमच्या हाती चार व्यायामसाधने आली: कमरेभोवतीचा पट्टा थरथरवणारे विजेचे यंत्र, घाम काढणारा गरम पट्टा, पाय अडकवून हातांनी ओढायची स्प्रिंग (जाहिरातीतला ‘टमी ट्रिमर’) आणि बुलवर्कर. घरमालक म्हणाले, “भंगारातच द्यायची आहेत. शाळेला उपयोग होत असेल तर न्या.”

आम्ही ती आणली. जुन्या वस्तूंना हसणे सोपे असते, पण तंत्र जुने झाले म्हणून ते चुकीचे ठरत नाही. मुद्गल आणि डंबेल्स याहूनही जुने आहेत आणि आजही उपयोगी पडतात. म्हणून प्रत्येक साधनाला आम्ही एकच प्रश्न विचारायचे ठरवले: काम कोण करते?

थरथरत्या पट्ट्याचा निकाल लगेच लागला. काम मोटर करते. माणूस उभा राहतो, उभे राहण्यापुरते त्याचे स्नायू ताणलेले असतात, एवढेच. पोटाची कातडी आणि चरबी हलते खरी. पण चरबी हलणे वेगळे आणि ती वापरली जाणे वेगळे. ताकाप्रमाणे घुसळून ती निघत नाही. वीजमीटर फिरतो, शरीराचा मीटर जवळपास जागच्या जागी राहतो.

यंत्राने शरीर हलवण्याची ही कल्पना फार जुनी आहे. स्वीडनच्या गुस्ताव झँडर या डॉक्टरांनी १८६५ साली स्टॉकहोमला यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली. तिथे रुग्णाने स्वतः जोर लावायची यंत्रे होती, तशीच वाफेच्या बळावर रुग्णाला हलवणारी, चोळणारीही होती. पुढे विजेचे घोडे आणि उंट आले. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत असा उंट होता. झँडर यांच्या पहिल्या प्रकारच्या यंत्रांचे वारस आजच्या जिममध्ये दिसतात. दुसऱ्या प्रकाराचे वारस माळ्यावर सापडतात.

गरम पट्ट्याची गोष्ट जास्त फसवी आहे, कारण वजनकाटा त्याच्या बाजूने साक्ष देतो. एक लिटर घाम गेला की वजन एक किलोने घटते. पण ते पाणी आहे. तहान भागली की वजन परत येते. एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, “एक लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल ऊर्जा लागते, ती शरीरातूनच गेली ना?” प्रश्न चांगला आहे. उत्तर असे, की ती उष्णता पट्ट्याने भिंतीतल्या प्लगमधून आणलेली असते. शरीर ती फक्त बाहेर टाकते.

टमी ट्रिमरमध्ये मात्र माणूसच काम करतो. ते किती? समजा, १० किलो वजन टांगल्यावर स्प्रिंग ३० सेंटिमीटर ताणली जाते. एका ओढीचे काम ½ × ९८ × ०.३, म्हणजे १४.७ जूल. अशा १२० ओढी म्हणजे १,७६४ जूल. आता ६० किलोच्या माणसाने ३ मीटरचा एक जिना चढला तर काम होते ६० × ९.८ × ३, म्हणजे तेही १,७६४ जूल! स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तर यासाठी सुमारे ७,००० जूल खर्च होतात. एक ग्रॅम चरबीत सुमारे ३७,००० जूल असतात. म्हणजे खर्च झाली जेमतेम पाचवा हिस्सा ग्रॅम. स्प्रिंग सोडताना आवर घालण्याचा खर्च यात धरलेला नाही, पण त्याने चित्र फारसे बदलत नाही. शिवाय ही चरबी पोटावरूनच जाईल असेही नाही. शरीर ती सगळीकडून घेते.

बुलवर्करने आमच्याच प्रश्नातली चूक दाखवली. तो दाबून तसाच धरून ठेवायचा असतो. विस्थापन शून्य म्हणजे पुस्तकाप्रमाणे काम शून्य, तरी दंड थरथरू लागतात! स्नायूतले तंतू सतत पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. तेव्हा ‘काम कोणाचे’ यापेक्षा ‘ऊर्जा कोणाची’ हा प्रश्न बरोबर आहे. अशा स्थिर जोराने ताकद वाढते हेही खरे. १९५३ साली जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी रोज सहा सेकंदांच्या एका जोराने ताकद आठवड्याला सुमारे पाच टक्के वाढल्याचे मांडले. पुढच्या प्रयोगांत वाढ बरीच कमी आढळली, आणि ती मुख्यतः ज्या कोनात जोर लावला त्याच्या आसपास. तेव्हा बुलवर्कर खोटा नव्हता; त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षा मोठी होती.

इथे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. त्यांनी १८९७ मध्ये युजेन सँडो या प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे व्यायाम केला, मग सूर्यनमस्कार धरले आणि आयुष्यभर त्यांचा प्रचार केला. पण एका माणसाचा अनुभव हा पुरावा नव्हे, ना सँडोविरुद्ध, ना नमस्काराच्या बाजूने. नमस्काराचा गुण एवढाच पक्का सांगता येतो, की त्यात ऊर्जा करणाऱ्याचीच जाते आणि साधन विकत घ्यावे लागत नाही.

हे सारे आज कशाला? अकरावीच्या एका मुलाने आम्हांला मोबाइलवरची जाहिरात दाखवली: पोटाला चिकटवायचा, विजेचे झटके देणारा पट्टा. त्यासाठी तो खाऊचे पैसे साठवत होता. झटक्याने स्नायू खरोखर आकसतो, फिजिओथेरपीत त्याचा उपयोगही होतो. पण बसल्या जागी चरबी वितळते हा दावा माळ्यावरच्या पट्ट्याचाच आहे. आम्ही त्याला ‘घेऊ नकोस’ म्हटले नाही. चारही साधने समोर ठेवली आणि स्प्रिंगचे गणित करायला दिले. दोन दिवसांनी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “सर, पैसे फुटबॉलला ठेवले.”

शिक्षकांनी हा पाठ जरूर करून पाहावा. दोन सूचना: पावसाचे पाणी लागलेले जुने विजेचे यंत्र चालू करू नये, आणि गंजलेली स्प्रिंग डोळ्यांसमोर ताणू नये. आमच्या थरथरत्या यंत्राची मोटर आता प्रयोगशाळेत सुटी करून ठेवली आहे. स्प्रिंग हूकचा नियम शिकवते. पोट कमी करण्यापेक्षा हे काम ती नक्कीच चोख करते.