कॅनडाचा प्रवासी आणि आपली मोजपट्टी

मागच्या वेळी आपण डाइक्स्ट्राची रीत पाहिली. १९५९चा तो निबंध, जेमतेम तीन पानांचा. सगळे रस्ते चालू आहेत हे माहीत असलं की सर्वांत जवळचा मार्ग संगणक चुटकीसरशी काढून देतो. आज त्यातली एकच गोष्ट काढून घेऊ: रस्ता चालू आहे की बंद, हे त्याच्या तोंडाशी पोहोचल्यावरच कळणार.

पापादिमित्रिऊ आणि यानाकाकिस यांनी १९९१च्या निबंधात हा कॅनडाच्या प्रवाशाचा प्रश्न मांडला. बर्फाने रस्ता बंद, फिरा मागे. बदल किरकोळ वाटतो ना? पण आता उत्तर म्हणजे एक मार्ग नव्हे. ‘हा बंद निघाला तर तिकडून, तोही बंद असला तर अमुक’ अशी फांद्या फुटत जाणारी योजना. बेभरवशाचे रस्ते नुसते २० धरले तरी शक्यता १०,४८,५७६. ठरावीक हमी देणारी योजना आहे का, हे ठरवणं पीस्पेस-पूर्ण, म्हणजे दोघांच्या खेळाइतकं अवघड: एक चाल आपली, एक बर्फाची.

इथवर आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हमी मोजण्याबद्दल. आपला खर्च भागिले सगळं आधीच ठाऊक असलेल्या प्रवाशाचा खर्च, तोही वाईटात वाईट प्रसंगी. जास्तीत जास्त k रस्ते बंद असतील तर २k+१ पटीपेक्षा चांगली हमी कुठलीच ठाम योजना देत नाही. आणि ही हमी देतं कोण? दर वेळी अडलं की थेट घरी येऊन नव्याने निघणारा! जाऊन-येऊन दुप्पट, असं k वेळा, आणि शेवटची एक फेरी. झाला हिशेब. उलट, अडला तिथूनच पुढचा जवळचा मार्ग धरणारा, म्हणजे तुम्हीआम्ही, २ चा (k+१)वा घात वजा १ इतका फसू शकतो. चार रस्ते बंद, तर घरी परतणाऱ्याला ९ पट, आपल्याला ३१.

आता सांगा, बर्फात गाडी घेऊन कोण घरी परततं? ३१ पट फसवायला रस्त्यांचं जाळं मुद्दाम तसं विणावं लागतं. बर्फ असा डाव धरून पडत नाही. बरं, शक्यतांचा हिशेब धरणारे प्रत्येक रस्ता स्वतंत्रपणे बंद होतो असं सहसा मानतात. वादळ मात्र शेजारचे रस्ते एकदमच बुजवतं. एक अडला, की शेजारच्याचीही बातमी कळली. ती बातमी वापरणारा प्रवासी या दोन्ही मांडण्यांत कुठेच बसत नाही.