उसनवारी आणि प्रश्नांची मांडणी

मराठीत देणारा आणि घेणारा या दोघांनाही ‘उसने’ हा एकच शब्द पुरतो. एकाने उसने दिले, दुसऱ्याने उसने घेतले. क्रियापद बदलते, विशेषण तेच राहते. इंग्रजीत व्यवहाराच्या या दोन बाजूंना दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि ती भाषा शिकताना आपले विद्यार्थी नेमके तेथे अडखळतात. यावरून मराठी मनाविषयी काही सिद्धांत मांडण्याचे कारण नाही. तथापि देणे आणि घेणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, एवढे या शब्दाने सुचवले तरी पुरे आहे.

आपल्या समीक्षाव्यवहारात मात्र ‘उसने’ हा शब्द बहुधा एकाच बाजूने, आणि तोही आरोप म्हणून, वापरला जातो. एखादी संकल्पना ‘उसनी’ आहे असे म्हटले की चर्चा संपली असे मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. ‘हे कोणाकडून घेतले?’ हा प्रश्न तोंडी परीक्षांत हमखास विचारला जातो. मीही तो अनेकदा विचारला आहे. त्याचे उत्तर एका नावाने देता येते, म्हणून तो सोयीचा. आणि नाव कळल्यावर पुढे काहीच विचारावेसे वाटत नाही, म्हणून तो सदोष.

मुळात उसनवारीचे रूपक साहित्यव्यवहाराला कितपत लागू पडते? भाषांमधील शब्दांच्या देवघेवीचे विश्लेषण करताना आयनार हाउगन यांनी 1950 मध्येच या रूपकातील विसंगती दाखवून दिली होती. येथे देणाऱ्याची संमती नसते, बहुधा त्याला पत्ताही नसतो आणि घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधनही नसते. ‘बटाटा’, ‘पगार’, ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले, म्हणून पोर्तुगीज भाषेत त्यांची उणीव निर्माण झाली नाही. रूपक असे लंगडे असूनही हाउगन यांनी ती संज्ञा टाकून दिली नाही, कारण तिच्यामुळे विचारता येणारे प्रश्न उपयुक्त होते. समीक्षेतही उसनवारीची संज्ञा ठेवायची की नाही, हे तिच्यामुळे आपण कोणते प्रश्न विचारू शकतो यावर ठरावे.

प्रश्नांच्या संदर्भात आर. जी. कॉलिंगवुड यांचे 1939 मधील आत्मचरित्र मार्गदर्शक ठरते. कोणतेही विधान हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न कळल्यावाचून विधानाचा अर्थ कळत नाही, असे प्रतिपादन त्यांनी तेथे केले आहे. हे सूत्र उसनवारीला लावले तर आपल्या दुखण्याचे निदान होते. आपण उत्तरे उसनी आणतो. ज्या प्रश्नांची ती उत्तरे होती, ते प्रश्न मात्र मूळ ठिकाणीच राहतात.

‘संज्ञाप्रवाह’ ही संज्ञा उदाहरणादाखल घेऊ. विल्यम जेम्स यांनी 1890 मधील मानसशास्त्रविषयक ग्रंथात प्रवाहाची प्रतिमा योजली, तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न जाणिवेच्या स्वरूपाचा होता: जाणीव सुट्या दुव्यांची साखळी असते काय? मे सिंक्लेअर यांनी 1918 मध्ये ती संज्ञा डॉरथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांना लावली, तेव्हा प्रश्न कथनाचा झाला: निवेदकाने वरून भाष्य न करता पात्राचे अंतर्विश्व कसे साकारावे? म्हणजे इंग्रजी समीक्षेनेही ही संज्ञा मानसशास्त्राकडून उसनीच घेतली होती. मात्र घेताना तिने प्रश्न बदलला.

मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (1942) या कादंबरीसंबंधी आपण बहुधा तिसराच प्रश्न विचारतो: हे जॉइसचे अनुकरण आहे काय? या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर संभवते आणि दोन्ही उत्तरांनी कादंबरी अस्पर्शितच राहते. शीर्षकच पाहा. ‘रात्रीचा दिवस करणे’ हा अविश्रांत कष्टांचा मराठी वाक्प्रचार आहे. जाणिवेच्या अनिर्बंध प्रवाहाशी श्रमाचा हा अर्थ कसा जुळतो, की जुळतच नाही? मराठीचा वाक्यबंध, तिचे क्रियापद, तिची बोली आणि प्रमाण रूपे या प्रवाहाला कोठे वाट देतात आणि कोठे अडवतात? हे प्रश्न ऋणकोच्या घरात शिरून विचारलेले आहेत. त्यांची उत्तरे धनकोचे नाव सांगून मिळणार नाहीत; त्यांसाठी संहिताच वाचावी लागेल.

उसने आणि कर्ज यांत आणखी एक भेद आहे. शेजारून आणलेली वाटीभर साखर आपण परत करतो, तेव्हा तीच साखर परत करत नाही. ती तर संपलेली असते. माप तेच, साखर आपल्या डब्यातली. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथाकडे अशा दृष्टीने पाहता येईल. कांट आणि विट्गेन्स्टाइन यांच्याकडून त्यांनी पुष्कळ घेतले आणि ते कोठेही लपवले नाही. परंतु सौंदर्याचे एकच व्यवच्छेदक लक्षण शोधण्याऐवजी स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांचा विचार करताना त्यांनी मराठी कलाचर्चेतील वाद नव्याने तपासले. ही परतफेड आपल्या डब्यातली आहे.

ती धनकोपर्यंत पोहोचली काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. मराठीत लिहिलेले कांटच्या भाषेतील अभ्यासकांनी वाचले असण्याचा संभव अल्प आहे, हे मान्य करावे लागते. पण विचारव्यवहारात परतफेड धनकोच्याच दारी व्हावी असा नियम नाही. आपण भरलेली वाटी पुढच्या शेजाऱ्याने उचलली तरी व्यवहार चालू राहतो. पाटणकरांशी वाद घालणारा प्रत्येक मराठी अभ्यासक ही वाटी उचलत असतो.

म्हणून ‘कोणाकडून घेतले?’ हा प्रश्न सोडून देण्याचे कारण नाही. तो पहिला असावा, शेवटचा नसावा. त्यापुढे निदान तीन प्रश्न यावेत: ही संकल्पना मूळ ठिकाणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर होती? आपला प्रश्न तोच आहे काय? नसेल, तर आपल्या प्रश्नामुळे संकल्पनेत काय बदलले? हे प्रश्न न विचारता मिरवलेली सैद्धांतिक परिभाषा म्हणजे उसने अवसानच. आणि ते न विचारता केलेला उसनवारीचा आरोप हेही अवसान उसनेच.