तोटीच्या भांड्यावर सही नाही

पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून मला एक प्रश्न सारखा येतो: "माझी स्वतःची अशी शैली कशी सापडेल?" मातीकामाच्या कार्यशाळांच्या जाहिराती नेमकं हेच देऊ करतात. दोन तास चाकावर बसा, तुमच्यातला कलाकार शोधा! आज या दाव्याची जरा चिकित्सा करू.

मी शिर्डीत राहते. शेजारच्या संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. इथल्या खापरांवरून एका आख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव पडलं. काळ साधारण इ. स. पू. १४०० ते ७००.

ही भांडी मी पहिल्यांदा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहिली, तेव्हा खरं सांगू का, निराशाच झाली. लालसर-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेषा, चौकटी, जाळी. मधेच कोन करून वळलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव, कुठेही जा, ठरलेले आकार पुन्हा पुन्हा दिसतात. शैली आहे, पण ती संस्कृतीची. यात माणूस कुठे आहे?

दुसऱ्यांदा गेले तेव्हा आकार सोडून फक्त रेषा बघितल्या. कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, रंग कुठे संपत आला. एका भांड्यावर नक्षीची फेरी पूर्ण होताना जागा कमी पडलेली आणि शेवटच्या रेषा दाटीवाटीने बसवलेल्या. आता मात्र मला तिथे कुणीतरी बसलेलं दिसलं.

असं बघणं म्हणजे नुसती कल्पना नव्हे. जॉन बीझली या अभ्यासकाने सही नसलेल्या ग्रीक भांड्यांवरची चित्रं अशाच बारीक सवयींवरून वेगवेगळ्या हातांत विभागली. कान कसा काढला, घोटा कसा काढला, यावरून. १९११ मध्ये त्याने ओळखलेल्या एका चित्रकाराला आजही 'बर्लिन पेंटर' म्हणतात, कारण त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. जोर्वेच्या भौमितिक रेषांमध्ये एवढा पुरावा मिळणं अवघड आहे, हेही मान्य करू. पण मुद्दा लागू पडतो: हात ओळखू येतो तो न ठरवता झालेल्या सवयींतून. आणि सवय व्हायला तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आता थोडं रसायनशास्त्र. कच्चं भांडं पाण्यात घातलं की परत चिखल होतो. साईबाबा कच्च्या घड्यांनी फुलझाडांना पाणी घालत ही आठवण शिर्डीत सगळ्यांना ठाऊक आहे. असा घडा फार टिकत नाही. पण साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या खनिजांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. मग ते भांडं फुटेल, झिजेल, पण परत चाकावर घेण्याजोगी माती होणार नाही.

माझी तक्रार इथेच आहे. कार्यशाळेत आपलं पहिलंच भांडं भाजून हातात देतात. मीही एक आणलंय, त्यात पेनं ठेवते. मातीला हात लागला, चाकावर गोळा मधोमध आणणं किती कठीण असतं ते कळलं, हा फायदा खरा. पण त्या वाकड्या कडेला 'माझी शैली' म्हणणं म्हणजे न जमण्यालाच शैली म्हणणं. ते भांडं परत चिखलात जायला हवं होतं.

माझ्या सिनॉप्सिसचंही हेच झालं. पहिलाच मसुदा, वेगळं दिसावं म्हणून अलंकारिक वाक्यांनी सजवलेला. गाईडनी वाचला आणि विचारलं, "यात तू नक्की काय केलंस?" मला उत्तर देता आलं नाही. चार महिने मी नुसती शोधनिबंधांची सारांश-टिपणं लिहिली, तीही ठरलेल्या साच्यात: प्रश्न, पद्धत, निष्कर्ष, शंका. मागाहून वाचताना लक्षात आलं, माझ्या शंका बहुतेक वेळा नमुना कसा निवडला यावरच येतात. ते मी ठरवलं नव्हतं. आज माझ्या प्रबंधाचा एक प्रश्न तिथूनच आलाय.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगते. एक शोधनिबंध निवडा, त्याचा दीडशे शब्दांत सारांश लिहा. पुढच्या आठवड्यात जुना न बघता पुन्हा लिहा. असे पाच झाले की शेजारी ठेवून वाचा. पाचही वेळा तुम्ही कुठे अडखळलात, ते लिहून ठेवा. तोवर कुणाला पाठवू नका, मलासुद्धा नाही!