राहिलेल्या कामाचं काय करायचं?

मंडळी, कामांच्या यादीचं कुठलंही अ‍ॅप पारखताना आम्ही एकच प्रश्न विचारतो: न झालेल्या कामाचं ते काय करतं? झालेल्या कामावर काट मारायला अ‍ॅप कशाला हवं? वाण्याच्या यादीवर आपण पेन्सिलीनं मारतोच की. परीक्षा होते ती रात्री, उरलेल्या ओळींपाशी.

बर्लिनच्या एका छोट्या कंपनीचं 'वंडरलिस्ट' 2010 साली आलं. लाकडी फळीसारखी पार्श्वभूमी, काम संपलं की 'टिंग' असा आवाज. मुदत टळली की तारीख लाल व्हायची आणि तुम्ही हात लावेपर्यंत लालच राहायची. मध्यंतरी याच मंडळींनी 'वंडरकिट' नावाचा मोठा पसारा मांडला होता. तो जमेना, तेव्हा ते निमूटपणे साध्या यादीकडे परत आले. आमच्या मते हा त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय.

2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही कंपनी विकत घेतली आणि 2017 मध्ये त्याच चमूकडून 'टू डू' आणलं. यात 'माय डे' नावाचं पान आहे. रोज सकाळी ते कोरं. कालचं राहिलेलं काम मूळ यादीत असतं, पण आजच्या पानावर आपणहून येत नाही. सुचवण्यांत दिसतं, घ्यायचं तर घ्या.

लाल तारखांच्या ढिगाखाली दबलेल्या माणसाला ही कोरी पाटी दिलासा देते, हे मान्य. पण एखादं काम दहा दिवस टळतंय, हे ती सांगत नाही. लाल तारीख म्हणते, चूक तुझी. कोरी पाटी म्हणते, काही झालंच नाही. दोन्ही उत्तरं आम्हाला अपुरी वाटतात. कारण कामं नुसत्या आळसानं राहत नाहीत. काही दुसऱ्यावर अडतात, काही मुळात करायचीच नसतात. 'विचार करून सोडलं' असं नोंदवायला मात्र दोन्हीकडे जागा नाही. 'झालं' म्हणून खोटं बोला, नाहीतर पुसून टाका. श्टुटगार्टच्या 'थिंग्ज'मध्ये काम 'रद्द' अशी खूण करून नोंदवहीत ठेवता येतं. बारीकशी सोय, पण माणूस ओळखणारी.

आता गंमत बघा. 2019 मध्ये वंडरलिस्टचे संस्थापक क्रिस्टियान रेबर यांनी आपलं अ‍ॅप परत विकत घ्यायची तयारी जाहीरपणे दाखवली. ते झालं नाही. त्याच डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनं बंद होण्याची तारीख सांगितली, याद्या 'टू डू'मध्ये हलवायची सोय दिली आणि 6 मे 2020 रोजी वंडरलिस्ट थांबवलं. निर्णय पटो न पटो, शेवट सांगून केला. आपल्या सोडलेल्या कामांनाही अ‍ॅपनं एवढाच मान द्यावा, इतकंच आमचं मागणं.