ज्यांच्याशी तह होत नाही

मी संगणकाचा जाणकार नाही. इतिहास शिकवणारा एक शिक्षक आहे. सुट्टीत पुतण्या आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या शेजारी बसून ‘रोम : टोटल वॉर’ हा खेळ मी बरेच दिवस पाहिला. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने २००४ साली काढलेला हा खेळ इ. स. पू. २७० पासून सुरू होतो. खेळणारा एक रोमन घराणे निवडतो. कार्थेज, मॅसिडोन, गॉल इत्यादी सत्ता संगणक चालवतो. एके दिवशी रस्ता अडवून उभ्या असलेल्या एका सैन्याकडे बोट दाखवून पुतण्याने विचारले, “काका, हे बंडखोर नुसते उभेच का राहतात? यांना काही पाहिजे नसतं का?”

हे टिपण त्या प्रश्नापायी लिहीत आहे.

या खेळातील संगणक मूर्खासारखा वागतो, ही खेळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्याचे राजे काल केलेला तह आज मोडतात, एकच गलबत पाठवून बंदर अडवतात. त्याचा सेनापती सर्वांच्या पुढे धावत जाऊन मरतो. तक्रार खरी आहे. परंतु या मूर्खपणामागेही एक इच्छा असते. त्या राजांना प्रदेश हवा असतो. त्यांना खजिना, वारस आणि वकील दिलेले असतात. बंडखोरांना यातले काहीही नाही. त्यांच्या ताब्यातील नगरे शेजारच्या नगराकडे पाहत नाहीत. त्यांचा वकील कोणाच्या दारी जात नाही. त्यांच्याशी तह करता येत नाही. लाच मात्र देता येते. आणि त्यांची बाजू घेऊन खेळण्याची सोय नाही.

या खेळाच्या काही फाइली साध्या मजकुराच्या आहेत. कोणालाही उघडून वाचता येतात. पुतण्याने त्यातील एक उघडून दाखवली. पडद्यावर ज्यांना ‘बंडखोर’ म्हटले आहे, त्या पक्षाचे फाइलीतील नाव ‘स्लेव्ह’ आहे. स्लेव्ह म्हणजे गुलाम. स्वतंत्र राहिलेली नगरे, वाटमारे, राज्यकर्त्याविरुद्ध उठलेले नागरिक, असे सगळे या एकाच नावाखाली घातलेले आहेत. ज्याला राजघराणे नाही, तो गुलाम! त्याच फाइलीत वाटमाऱ्यांची पैदास किती व्हावी याचाही एक आकडा आहे. म्हणजे त्यांचे उठणे हा त्यांचा निर्णय नव्हेच. ते गवतासारखे उगवतात.

यावर कोणी म्हणेल की, हे करणाऱ्याच्या सोयीचे नाव आहे, त्यात एवढा अर्थ कशाला शोधायचा? करणाऱ्याच्या मनात पाप होते असे मीही म्हणत नाही. पण समीक्षकाने हेतू तपासायचा नसतो. कोणाच्या वाट्याला काय आले ते पाहायचे असते. येथे राजांना बुद्धी देण्याचा निदान प्रयत्न झाला. गुलामांना ती द्यावी हे सुचलेच नाही, असे दिसते.

इतिहास काय सांगतो? खेळाचा काळ इ. स. १४ पर्यंत चालतो. रोमला हादरवणारी तिन्ही मोठी गुलामयुद्धे याच काळातली. इ. स. पू. १३५ मध्ये सिसिलीत युनस नावाच्या सीरियन गुलामाने उठाव केला. एन्ना नगर घेतल्यावर गुलामांनी तेथील नाट्यगृहात आपल्या क्रूर मालकावर खटला भरला. त्याच्या मुलीने मात्र त्यांना दयेने वागवले होते. तिला त्यांनी सुखरूप नातलगांकडे पोचवले. युनसने अँटिओकस हे राजनाम घेतले, नाणी पाडली. बेटाच्या दुसऱ्या भागात क्लेऑन उठला, तेव्हा हे दोघे आपसात लढून मरतील अशी मालकवर्गाला आशा होती. क्लेऑनने येऊन युनसचे नेतृत्व मान्य केले! डायोडोरस हा काही गुलामांचा कैवारी नव्हे. पण तोही लिहून गेला आहे की, पुढच्या दिवसांचा विचार करून या गुलामांनी शेतघरे जाळली नाहीत, अवजारे आणि साठवलेले धान्य राखले. पुढे स्पार्टाकसने सिसिलीत उतरण्यासाठी समुद्री चाच्यांशी करार केला होता. करार मोडला तो चाच्यांनी. इ. स. पू. ७१ मध्ये त्याचा पाडाव झाल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर ६,००० माणसे क्रुसावर चढवली गेली.

न्यायसभा, नाणे, युती, करार, धान्याची काळजी, हे सर्व गुलामांनी करून दाखवले. खेळातील गुलामाला यातले एकही करता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. नगर जिंकल्यावर खेळणाऱ्यापुढे तीन पर्याय येतात: ताबा घ्या, गुलाम करा, कत्तल करा. ‘गुलाम करा’ म्हटले की त्या नगरातील माणसे आपल्या सुभेदार असलेल्या नगरांत वाटली जातात आणि तेथील लोकसंख्येचा आकडा वाढतो. पुढे नगरात असंतोष झाला तर खेळ त्याची कारणे दाखवतो: घाण, राजधानीपासूनचे अंतर, परकी संस्कृती. गुलामगिरी हे कारण त्या यादीत नाही. माणूस गुलाम होतो, पण गुलाम आहे म्हणून रागावत नाही!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना ती अर्पण केली. गुलामाला मन असते, ही ज्या वाचकाची पहिली शिकवण, त्याला हा खेळ निव्वळ करमणूक म्हणून पाहता येणार नाही.

खेळ खेळू नये असे मी पुतण्याला सांगितले नाही. त्यांना पुष्कळ काही पाहिजे होते, एवढे सांगून युनसची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, ही फाइल बदलता येते.” संगणक शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. गुलामाला आधी एक वकील द्यावा. तो तहासाठी कोणाच्या दारी जातो ते मग पाहू.